एल्फ, ड्वार्फ, ऑर्क: शहरात आणले, पण जगवले का?

काजळरात्र

फँटसीचा विषय निघाला की एक सूर हमखास लागतो: एल्फ (टोकदार कानांचे, दीर्घायुषी), ड्वार्फ (बुटके, खाणीत राबणारे कारागीर), ऑर्क (दांडगे, सुळेवाले) या कल्पित जमाती आता पुरे, काहीतरी नवीन आणा. मला हे अजिबात पटत नाही. या जमातींना अजून नीट राबवलेलंच नाही, नुसतं मिरवलं आहे. आणि हे सगळ्यांत जास्त उघडं पडतं ते आधुनिक जगात घडणाऱ्या फँटसीत. रस्त्यावर गाड्या आहेत, पोलीस आहेत, बँका आहेत, कोर्ट आहे आणि त्या गर्दीत टोकदार कानांचा कुणी उभा आहे. त्याचे कान झाकले तर कथेत काही फरक पडेल का? बहुतेक ठिकाणी पडत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

आपण ज्याला 'पारंपरिक' म्हणतो ते तरी कुठे एकसारखं आहे? 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यात एकाच ओळीत राक्षस, एल्फ आणि 'ऑर्कनेआस' लागोपाठ येतात आणि सगळे केनचे, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या खुन्याचे वंशज ठरतात. तिथे एल्फ आणि ऑर्क एकाच घरचे. १२२० च्या सुमारास आइसलंडमध्ये स्नोरी स्टुर्लुसनने 'एडा' ही नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) पुराणकथांची पोथी लिहिली, तिच्यात उजळ एल्फ आणि काळे एल्फ वेगळे आहेत, आणि काळे एल्फ कुठे संपतात, ड्वार्फ कुठे सुरू होतात हे सांगणं कठीण. इंग्रज लेखक टॉल्किनने ड्वार्फांची नावं जुन्या नॉर्स कवितेतल्या यादीतून उचलली, पण त्याचे एल्फ उदात्त आणि खिन्न झाले. १९५४ साली त्याच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या महाकादंबरीचा पहिला खंड आला आणि त्याच वर्षी पॉल अँडरसनची 'द ब्रोकन स्वोर्ड' आली. तीही नॉर्स साहित्यातूनच निघालेली, पण तिच्यातले एल्फ देखणे, निर्दय आणि आत्मा नसलेले. एकच मूळ, एकच वर्ष आणि दोन अगदी वेगळी माणसं (बरं, एल्फ).

साचा पक्का झाला तो नंतर, खेळांमुळे. १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ आला आणि एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग (माणसाच्या निम्म्या उंचीचे) हे पर्याय झाले: हा निवडलास तर हे मिळेल, तो निवडलास तर ते. तिथून कॉम्प्युटर गेम, तिथून कादंबऱ्या, आणि आता ड्वार्फ म्हटलं की दाढी, कुऱ्हाड, खाण, चिडकेपणा हे चारही आपोआप येतात.

आता आधुनिक जगाकडे येते. एल्फचं दीर्घायुष्य घ्या. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या नियमपुस्तकात एल्फ शरीराने माणसाइतक्याच वयात वाढतो, पण स्वतःला प्रौढ म्हणवतो तो साधारण शंभराव्या वर्षी, आणि जगतो साडेसातशे वर्षांपर्यंत. मशाली आणि किल्ल्यांच्या जगात हा तपशील नुसता शोभेचा राहू शकतो. पण शहरात आणलात की पहिल्याच पानावर प्रश्न उभे राहतात. मतदान कितव्या वर्षी? अठराव्या वर्षी मतदान देणारा कायदा एल्फ आईबापांना आपल्या पोरांच्या हाती देश दिल्यासारखा वाटेल. शंभराव्या वर्षी दिलं तर ऐंशी वर्षांचा, कर भरणारा, लेकरांचा बाप असलेला एल्फ मताशिवाय राहील. जन्मठेप म्हणजे किती? लेखकाच्या मृत्यूनंतर काही दशकांनी पुस्तकांचे हक्क खुले होतात. एल्फ लेखिकेची पुस्तकं कधी खुली होणार?

पैशाचं तर विचारूच नका. वर्षाला फक्त ३ टक्के चक्रवाढ व्याज धरलं तर ४०० वर्षांत रक्कम सुमारे १ लाख ३६ हजार पट होते. एखाद्या एल्फ आजीने तरुणपणी एक छोटी ठेव ठेवली आणि ती विसरली, एवढ्यावर एक बँक बुडू शकते. असं जग एकतर एल्फांच्या मालकीचं असेल किंवा एल्फांना व्याज नाकारणारे कायदे करून बसलेलं असेल. दोन्हींत कथा ठासून भरली आहे. आणि आपले लेखक काय करतात? एल्फला क्लबचा मालक करतात आणि त्याला महागडा सूट घालतात.

तुम्हाला काय वाटतं? कुठे हे नीट झालंय? कुठे फसलंय?

घुबड

धागा आवडला. पण साच्याची दुसरी बाजूही आहे. वाचकाला एल्फ माहीत असतो म्हणून लेखकाची वीस पानं वाचतात. नव्या जमातीचं नाव, दिसणं, देव, खाणंपिणं, हे सगळं समजावत बसलं की कथा सुरू व्हायला उशीर होतो आणि वाचक निम्म्यात पुस्तक ठेवतो. ओळखीचा चेहरा द्यायचा आणि मग त्याला अनोळखी वागायला लावायचं, याची मजा साच्याशिवाय येतच नाही.

काजळरात्र

@घुबड, पूर्ण सहमत. म्हणूनच 'नवीन आणा'वाल्यांशी माझं जमत नाही. वाचवलेल्या वीस पानांत पुढे काय केलं, एवढंच मी विचारते आहे.

तिसरी_घंटा

मी ऑर्कवर लिहितो, कारण आधुनिक जगात सगळ्यांत वाईट गत त्यांची होते.

मूळ दुखणं टॉल्किनलाही छळत होतं. त्याच्या जगाच्या प्राचीन कथांच्या 'सिल्मरिलियन'मध्ये (१९७७, त्याच्या मृत्यूनंतर) ऑर्क म्हणजे पकडून, छळून बिघडवलेले एल्फ असं येतं. पण १९९३ मध्ये छापून आलेल्या त्याच्या उत्तरकाळच्या टिपणांत तो हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उकरताना दिसतो: यांना आत्मा आहे की नाही? असेल तर सरसकट कापून कसं काढायचं? नसेल तर ते बोलतात कसे? त्याने शेवटपर्यंत पक्कं उत्तर दिलं नाही. आणि कथेत तर त्याने स्वतःच पुरावा ठेवून दिलाय. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या खंडाच्या शेवटी शाग्रात आणि गोर्बाग हे दोन ऑर्क सरदार गप्पा मारतात. वरिष्ठांना वैतागलेत. युद्ध संपलं की चार भरवशाची पोरं घेऊन कुठेतरी सटकू, जिथे डोक्यावर कुणी मोठा साहेब नसेल, असं म्हणतात. लुटायचंय त्यांना, साधू नाहीत ते. पण ज्याला निवृत्तीची स्वप्नं पडतात तो प्राणी जन्मजात वाईट आहे हे मला कुणी पटवू शकत नाही.

शिवाय त्याचं १९५८ चं एक पत्र आहे, एका चित्रपटाच्या पटकथेवरच्या शेऱ्यांचं. त्यात ऑर्कांचं दिसणं सांगताना तो मंगोल चेहरेपट्टीचा आधार घेतो, युरोपी नजरेला न आवडणारी म्हणून. टॉल्किन मला फार जवळचा लेखक आहे आणि तरीही हे वाचताना त्रास होतो. साच्याबरोबर हेही आपल्याकडे आलंय, आणि ते न बघता ऑर्क वापरणं मला जमत नाही.

आता मोठा फसवा वळसा. 'ऑर्क वाईट नाहीत' हे कळल्यावर बऱ्याच लेखकांनी दुसरं टोक गाठलं: ऑर्क म्हणजे समाजाने दाबलेला अल्पसंख्याक. २०१७ चा 'ब्राइट' चित्रपट घ्या. आजचं लॉस एंजेलिस, पोलीस खात्यातला पहिला ऑर्क, आणि सगळे त्याच्या जमातीचा द्वेष करतात. का? तर दोन हजार वर्षांपूर्वी ऑर्कांनी अंधाराच्या सम्राटाची बाजू घेतली होती. म्हणजे द्वेषाला कथेनेच एक खरं कारण पुरवलं! खऱ्या जगातला वंशद्वेष मुळातच खोट्यावर उभा असतो. ज्यांचा द्वेष होतो ती माणसं इतरांसारखीच माणसं असतात. ऑर्क खरोखरच दुप्पट ताकदीचा, सुळे असलेला, वेगळ्या वासाचा असेल तर त्याला घाबरणारा शेजारी चुकीचा ठरत नाही. रूपक उलटतं आणि ज्यांची बाजू घ्यायला निघालो त्यांच्याच अंगावर जातं.

मला वाटतं ऑर्कला ऑर्कच राहू द्यावं. त्याची ताकद, त्याचं आयुष्य, त्याची भीती त्याची असू द्यावी. कुणाचा तरी मुखवटा त्याला घालू नये.

माळरान

शेवटच्या परिच्छेदासाठी +१००.

फासेवाली

मी अनेक वर्षं टेबलावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा खेळ चालवते, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडते. काजळरात्र, 'साचा खेळांमुळे पक्का झाला' हे बरोबर आहे, पण का झाला तेही बघा. टेबलाभोवती पाच जण बसलेत, रात्रीचे तीन तास हातात आहेत. तिथे 'ड्वार्फ' हा शब्द उच्चारताच सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र यावं लागतं. १९८१ च्या सोप्या संचात तर एल्फ हा एक पेशाच होता: बाकीचे योद्धे, चोर, जादूगार, आणि तुम्ही 'एल्फ'. हास्यास्पद वाटतं, पण खेळायला सोपं जायचं.

बदल होतोय. २०२० मध्ये खेळाच्या प्रकाशकांनी एका पुरवणी पुस्तकात पर्याय दिला की जमातीमुळे मिळणारे गुण खेळाडूने हवे तिथे लावावेत. २०२४ च्या नियमपुस्तकात ते गुण जमातीपासून तोडून पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले: तू काय करत होतास, शेतकरी की शिपाई की लेखनिक, त्यावरून. ऑर्क आता मूळ पुस्तकातच इतरांच्या रांगेत आहे आणि अर्ध-एल्फ, अर्ध-ऑर्क हे वेगळे पर्याय म्हणून राहिले नाहीत. माझ्या टेबलावर यावर कडाक्याचं भांडण झालं. एकाचं म्हणणं, आता सगळेच सारखे, मग ड्वार्फ घ्यायचा कशाला? दुसरी म्हणाली, ड्वार्फ म्हणून जन्मल्यामुळे मी भांडखोर असलंच पाहिजे ही सक्ती गेली, आता मला ड्वार्फ कवयित्री खेळता येईल.

मला दोघांचंही म्हणणं कळतं, पण कौल मी दुसरीला देते. तिने खरंच कवयित्री खेळली. तिची पात्रकथा अशी: जमिनीखाली वाढल्यामुळे तिला आकाशाची भीती वाटते, आणि तिच्या सगळ्या कविता छताबद्दल आहेत. नियमाने मिळणाऱ्या +२ ताकदीपेक्षा मला हे शंभर पटीने जास्त ड्वार्फ वाटलं.

काजळरात्र

@फासेवाली, छताबद्दलच्या कविता! अगदी हेच म्हणायचं होतं मला. एक शारीरिक सत्य घेतलं (जमिनीखालचं बालपण) आणि ते भीतीपर्यंत, भाषेपर्यंत नेलं. तुमच्या त्या खेळाडूला माझा नमस्कार सांगा.

@तिसरी_घंटा, 'ब्राइट'बद्दल मान्य. पण म्हणजे भेदभावाची गोष्ट या जमातींतून सांगायचीच नाही का? पोलिश लेखक सापकोव्स्कीच्या 'विचर' या फँटसी-कथांत एल्फ हे हरलेले मूळ रहिवासी आहेत. माणसं आली, त्यांनी शहरं एल्फांच्याच पायावर बांधली, आणि उरलेले एल्फ वस्त्यांत कोंडले गेले किंवा जंगलात बंडखोर झाले. तिथे रूपक उलटत नाही, उलट जास्त टोचतं. त्यांच्या एल्फांना मुलं फक्त तरुणपणीच होतात, त्यामुळे तरुण लढायला गेले आणि मेले की पुढची पिढीच खुंटते. लढायचं तर संपायचं, वाकायचं तरी संपायचंच. हे दुःख त्यांच्या शरीरातूनच येतं. बाहेरून चिकटवलेलं वाटत नाही.

तिसरी_घंटा

तिथे ते साधलं याचं कारण एल्फ कुठल्याही एका खऱ्या समाजाचे प्रतिनिधी म्हणून उभे केलेले नाहीत. वाचकाला हवं ते आठवतं. 'ब्राइट' मात्र बोट धरून दाखवतो की हे म्हणजे ते.

राखीव_डबा

कुणी 'शॅडोरन'चं नाव कसं घेतलं नाही? १९८९ चा खेळ. कॉर्पोरेट कंपन्या, हॅकर, संगणकाला जोडलेले मेंदू, आणि त्यातच एल्फ, ड्वार्फ, ऑर्क, ट्रोल (धिप्पाड राक्षसी जमात). धाग्याचा जो प्रश्न आहे त्याला त्यांनी मुळातच हात घातला: यांचा वेगळा वंश, वेगळा देश, वेगळा इतिहास नाहीच. जगात जादू परतते आणि माणसांच्याच पोटी एल्फ आणि ड्वार्फ बाळं जन्मायला लागतात. मग काही वर्षांनी, त्या कथेतल्या २०२१ मध्ये, चांगली वाढलेली माणसं एकाएकी ऑर्क आणि ट्रोल होतात. काल शेजारी होता, आज सुळे आलेत.

ऑर्क इथे लवकर वयात येतात आणि कमी जगतात. एकाच घरात एक भाऊ माणूस, एक बहीण ऑर्क. ती त्याच्या आधी मोठी होणार, त्याच्या आधी म्हातारी होणार, आणि हे दोघांनाही लहानपणापासून माहीत असणार. शाळेचा प्रवेश, विमा, लग्न, सगळ्याला त्याची झळ. दोन हजार वर्षांपूर्वीचा कुठलाही सम्राट लागत नाही. खेळ म्हणून नियम किचकट आहेत, पण कल्पना म्हणून मला अजून याच्या तोडीचं दुसरं दिसलेलं नाही.

पानगळ

दीर्घायुष्यावर सगळ्यांत सुंदर काम मला जपानी मांगांत, म्हणजे चित्रकथांत दिसलं. 'फ्रीरेन' २०२० मध्ये सुरू झाली. एल्फ जादूगारीण आपल्या सोबत्यांबरोबर दहा वर्षं फिरून दैत्यराजाला मारते आणि कथा तिथून सुरू होते. तिच्या लेखी दहा वर्षं म्हणजे काहीच नाही. पन्नास वर्षांनी परत भेटते तेव्हा तिचा मित्र हिमेल म्हातारा झालेला असतो, आणि लवकरच जातो. त्याच्या अंत्यविधीला ती रडते, कारण त्याला ओळखून घ्यायचा आपण प्रयत्नच केला नाही हे तिला तेव्हा कळतं. जग मध्ययुगीनच आहे, तुम्ही म्हणता तसं शहर नाही. पण एकच गुण पकडून त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा केलाय.

दुसरी 'डंजन मेशी' (२०१४ ते २०२३). इथून पुढे स्पॉयलर. त्यात चिलचक नावाचा हाफ-फूट (तिथली बुटकी जमात) आहे, दिसायला पोरगा. सोबती त्याला पोरासारखंच वागवतात. तो २९ वर्षांचा आहे, त्याच्या जमातीच्या हिशेबाने मध्यमवयीन, आणि त्याला तीन मोठ्या मुली आहेत. मार्सिल अर्धी एल्फ, पन्नाशीची, पण अजून कोवळी. आपली सगळी माणसं आपल्याआधी जाणार या धास्तीने ती सगळ्या जमातींचं आयुष्य एकसारखं करायला निघते. तिचा गुन्हा आणि तिचं प्रेम एकाच जागेतून येतात. मी तो भाग वाचून रडले होते.

माळरान

अवांतर होईल कदाचित, पण आपल्या साहित्यात यक्ष, गंधर्व, नाग आहेत. ते का येत नाहीत आधुनिक फँटसीत?

काजळरात्र

@माळरान, अवांतर नाही. यावेत, जरूर यावेत. फक्त यक्षाला टोकदार कान आणि धनुष्य दिलं की तो एल्फच झाला. कालिदासाचा यक्ष बघा: कुबेराच्या नोकरीत आहे, कामात हयगय केली म्हणून मालकाने वर्षभरासाठी दूर पाठवलंय, आणि शिक्षेचे उरलेले महिने मोजत बसलाय. नोकरी, मालक, बदली, विरह. याला आजच्या शहरात आणायला काय लागतं? जवळजवळ काहीच नाही. तो खजिना राखणाऱ्यांतला आहे, म्हणजे बँकेच्या तळघरात त्याची पाळी असू शकते. पण मग त्याचं शापाशी असलेलं नातंही आणा. तो मालकाला नाही म्हणू शकत नाही, युनियन काढू शकत नाही. कथा तिथे आहे.

नवी_पाटी

सगळं वाचून हिंमत करून विचारतो. मी एक दीर्घकथा लिहितोय. आजचं शहर, मेट्रोचा बोगदा, आणि मुख्य अभियंता ड्वार्फ आहे. बोगद्याच्या अस्तरात दोष सापडतो. काजळरात्र, तुमचं वाचून वाटतंय की ड्वार्फला जमिनीखालीच ठेवणं म्हणजे साचाच झाला. बदलू का?

राखीव_डबा

बदलू नका. फक्त तो खोदण्यात पटाईत आहे हे तिसऱ्यांदा सांगू नका.

काजळरात्र

@नवी_पाटी, मुळीच बदलू नका. मी तर म्हणेन थेट एडातली, थॉर देवाच्या हातोड्याची गोष्ट उघडा. कपटी देव लोकी आणि ड्वार्फ ब्रोक्र यांच्यात पैज लागते, शर्त लोकीच्या डोक्याची. ब्रोक्र भाता ओढतोय, त्याचा भाऊ सिंद्री घडवतोय. भाता एक क्षणही थांबता कामा नये. लोकी माशी होऊन चावत राहतो आणि तिसऱ्या वेळी पापणीला चावतो. रक्त डोळ्यात उतरतं, ब्रोक्र एका हाताने माशी झटकतो, भाता तेवढ्यापुरता थांबतो, आणि हातोड्याचा दांडा आखूड राहतो. देव तरीही तीच वस्तू सर्वोत्तम ठरवतात.

आता तुमचा अभियंता या परंपरेत वाढलाय. त्याच्यासाठी दोष म्हणजे निव्वळ खर्चाचा आकडा नाही. 'भाता कोणी सोडला, आणि त्या वेळी त्याच्या डोळ्यात काय गेलं होतं' हा प्रश्न तो विचारणारच. माणसं चौकशी समिती नेमून दोषी शोधतील. तो माशी शोधेल: कुणी घाई केली, कुणी सिमेंटची प्रत बदलली, कुठल्या रात्रपाळीत. आणि त्याचं आयुष्य माणसापेक्षा लांब असेल तर त्या बोगद्यातून तो अजून दीडशे वर्षं रोज जाणार आहे. सह्या करणारे बाकीचे तोवर नसतील.

गोष्टीचा शेवटही वापरा. पैज हरल्यावर लोकी म्हणतो, डोकं तुमचं, पण मान माझी, मानेला हात लावायचा नाही. शर्तीत मानेचा उल्लेख नव्हता. ब्रोक्र काही करू शकत नाही, मग तो लोकीचे ओठ शिवून टाकतो. या प्रसंगानंतर ड्वार्फांनी करारनामे कसे लिहायला घेतले असतील, विचार करा. मेट्रोचं कंत्राट तुमच्या अभियंत्याच्या घराण्याने तपासलेलं असेल तर ते चारशे पानांचं असेल आणि त्यात कुठेतरी एक 'मानेचं कलम' असेलच. कंत्राटदाराच्या वकिलाने ते वाचलेलं नसावं.

नवी_पाटी

माशी आणि मानेचं कलम दोन्ही घेतो. म्हणजे मधला सगळा चौकशीचा भाग पुन्हा लिहावा लागणार. एक शंका: रात्रपाळीचा मुकादम सध्या माणूस आहे. त्यालाही ड्वार्फ करू का?

तिसरी_घंटा

माणूसच ठेवा. दोघांनी एकच चूक बघायची आणि एकाने ती पाच वर्षांत विसरायची, हे तुम्हाला लागणार आहे.